गणपतीत कोण थांबणार

कामाला लागून मला दीड महिना झाला होता. लॅबमध्ये माझ्यासोबत जे केमिस्ट होते त्यांना मी दादा म्हणायचे, कारण ते माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे. एक दिवस काचेच्या नळ्या धुताधुता ते म्हणाले, "गो बाय, तुमच्याकडे गणपती नाय ना?"

प्रश्नात वाईट काही नव्हतं. उत्तर त्यांना ठाऊकच होतं. आडनाव आणि वाडी सांगितली की आमच्याकडे पुढचं कोणाला समजावून सांगावं लागत नाही. आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांनी घरातले देव नदीला सोडले, त्यानंतर आमच्या घरात गणपती आला नाही.

"नाही," मी म्हटलं.

"मंग झालं तर. तू थांब. आम्ही जाऊन येतो."

त्यानंतर मी अकरा गणपती थांबले.

आमचा कारखाना रत्नागिरीच्या एमआयडीसीत. मासळी आणायची, साफ करायची, गोठवायची आणि परदेशी पाठवायची. पावसाळ्यात होड्या बंद असतात तेव्हा कारखानाही निम्मा झोपलेला असतो. ऑगस्टात होड्या सुटल्या की म्हाकुल, कोळंबी, बांगडा भरलेले टेम्पो गेटाशी रांग लावतात, आणि नेमका त्याच घाईत गणपती येतो. कोकणात गणपती म्हणजे काय ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. नोकरी सुटली तरी चालेल पण पाटावर गणपती बसताना घरचा माणूस घरात हवा. मी याला हसत नाही. ज्याचं त्याला असतं.

पण मासळी कोणासाठी थांबत नाही. आणि लॅबने होकार दिल्याशिवाय आमच्या कारखान्यातून एक खोकं बाहेर पडत नाही. प्रत्येक लॉटमधला तुकडा वाटायचा, प्लेटीत लावायचा, अठ्ठेचाळीस तास उबेत ठेवायचा आणि मग त्या प्लेटीवर उगवलेले जिवाणूंचे ठिपके एकेक करून मोजायचे. ठरलेल्या आकड्याच्या आत असले तर लॉट सुटला, नाहीतर अडकला. हे माझं काम. मला ते येतं, आणि नीट येतं. हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कोणी सांगेल याची वाट बघण्यात माझी बरीच वर्षं गेली.

बीएस्सी मी पहिल्या वर्गात झाले. आमच्या घरातली तर पहिलीच, आमच्या वाडीतलीही मुलींमध्ये पहिली. वडील चिरेखाणीत कामाला होते. संध्याकाळी घरी आले की आधी विहिरीवर जायचे, तरी कानाच्या पाळीमागे तांबडी माती राहायचीच. माझा निकाल लागला त्या दिवशी त्यांनी खाणीतल्या मुकादमाला जाऊन सांगितलं, "पोरगी सायन्सची ग्रॅज्वेट झाली." मुकादम म्हणाला, "बरं झालं, आता तुझ्या चिऱ्यांचं शास्त्र सांगेल." वडिलांनी हे मला हसत सांगितलं. मला हसू आलं नव्हतं.

दादाही बीएस्सीच, दुसऱ्या वर्गात. ते केमिस्ट म्हणून लागले होते. मी लागले तेव्हा सहाय्यकाचीच जागा शिल्लक आहे असं मला सांगण्यात आलं आणि मी ती घेतली. कामात फरक नव्हता. फरक एवढाच की केमिस्टला रिपोर्टवर सही करता यायची, सहाय्यकाला नाही.

तर त्या पहिल्या गणपतीच्या दोन दिवस आधी दादांनी माझ्यासमोर एक निळी फाइल ठेवली. आत रिपोर्टचे छापील फॉर्म होते, तीस-चाळीस. सगळे कोरे. आणि प्रत्येकाच्या तळाशी उजव्या कोपऱ्यात दादांची सही.

"दादा, हे काय?"

"सह्या करून ठेवल्यात. तू आकडे भर आणि लॉट सोड. आमच्या गावात रेंज नाय, तू फोन करत बसशील तर लागायचा नाय."

"हे चालतं?"

"चालतं म्हणजे? चालत आलंय. माझ्या आधी जो होता तो पण असंच करायचा. साहेबांना ठाऊक हाय." साहेब म्हणजे आमचे लॅबचे प्रमुख. तेही गणपतीत आपल्या गावी, राजापूरच्या बाजूला जायचे. "आकडा मात्र खरा टाक हां. माझी सही हाय त्याच्यावर."

इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे. त्या वेळी मला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट अभिमान वाटला. दीड महिन्याच्या पोरीवर माणूस चाळीस सह्या टाकून निघून जातो, म्हणजे केवढा विश्वास! मी रविवारी वाडीत गेले तेव्हा आईला हे कौतुकाने सांगितलं. ज्यांच्या घरात दोन पिढ्यांना कोणाच्या कागदाला हात लावू दिला गेला नव्हता, त्यांनाच असा कोरा कागद हातात आल्याचा आनंद होऊ शकतो. ज्याच्या घरात आधीपासून वकील-मास्तर आहेत त्या घरची मुलगी म्हणाली असती, 'दादा, सही मी करणार असेन तर काम करते.' मला हे सुचायला अकरा वर्षं लागली.

गणपतीच्या त्या पाच दिवसांत कारखान्यात जी माणसं उरायची ती ठरलेली. पॅकिंगला केरळच्या मुली, ओडिशाचे हमाल आणि बर्फाच्या मशिनवरचे चाचा. चाचा साखरतरच्या बाजूचे, दाढी पांढरी, जीभ तिखट. दुपारी डबा खायला ते लॅबच्या पायरीवर येऊन बसायचे आणि म्हणायचे, "या, बिनगणपतीवाल्यांनो, जेवून घ्या." एकदा त्यांनी माझ्या हातातला फॉर्म बघितला. म्हणाले, "अक्षर तुझं, अक्कल तुझी, खाली नाव त्याचं. पोरी, तू लग्नाची पत्रिका पण अशीच छापशील." मी म्हटलं, "चाचा, तुम्ही बर्फ बघा." ते म्हणाले, "बर्फच बघतोय. डोक्यावर ठेवलाय तुझ्या कोणीतरी."

आणखी एक सांगते, जे कोणी कधी विचारलं नाही. घरी गणपती नाही म्हणजे त्या दिवसांत घरी काही नाही, असं लोकांना वाटतं. माझा भाऊ मुंबईत एका सोसायटीत लिफ्टच्या देखभालीचं काम करतो. त्याला वर्षातून एकदाच सलग सुट्टी मिळते, ती गणपतीत, कारण मुंबईला ठाऊक आहे की कोकणातला माणूस तेव्हा गावाला जातोच. मग तो कोणत्या वाडीतला हे मुंबई विचारत नाही. आमच्या वाडीतही त्या पाच दिवसांत मुंबईची माणसं उतरतात, घरांना कुलपं असतात ती उघडतात, अंगणात मटण शिजतं, कोणाचं लग्न ठरतं, कोणाचं भांडण मिटतं. अकरा वर्षांत मी त्या दिवसांत भावाला जेमतेम दोन वेळा भेटले. एकदा तर तो स्वतः एसटीने रत्नागिरीला आला, गेटावर अर्धा तास बसला, मी पांढऱ्या कोटातच बाहेर गेले, आम्ही वडापाव खाल्ला आणि तो गेला.

दादा सहाव्या दिवशी यायचे. हातात स्टीलचा डबा, त्यात मोदक. "घे, वहिनीनं खास तुझ्यासाठी दिलेत." मोदक चांगले असायचे. मी खायचे. मला कोणी चांगलं वागवत नव्हतं असं म्हणून मी खोटं बोलणार नाही. जुने साहेबही मला चौदा एप्रिलला न मागता सुट्टी द्यायचे, चाचांना ईदला द्यायचे. कुठे लिहिलेलं नव्हतं, पण ज्याचं त्याला मिळत होतं असं म्हणायची पद्धत होती. पाच दिवसांच्या बदल्यात एक दिवस आणि मोदक.

मग मुंबईच्या एका कंपनीने कारखाना घेतला.

नवी कंपनी आली आणि भिंती पांढऱ्या झाल्या. अंगठा लावायचं मशीन आलं, मोबाइलवर रजेचं अ‍ॅप आलं. एचआरच्या मॅडम महिन्यातून दोनदा मुंबईहून सकाळच्या गाडीने यायच्या आणि संध्याकाळच्या गाडीने जायच्या. वयाने माझ्याहून लहान, बोलायला गोड. त्यांनी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं की यापुढे इथे साहेब, दादा, मॅडम असं कोणी कोणाला म्हणायचं नाही, सगळ्यांनी नावाने हाक मारायची, कारण आपण सगळे समान आहोत. मागून बर्फवाले चाचा म्हणाले, "बरं, मॅडम." कॅन्टीन हसलं. मॅडमही हसल्या.

सुट्ट्याही समान झाल्या. सगळ्यांना सारख्या, आणि दिवस मुंबईत ठरणार. चौदा एप्रिल 'ऐच्छिक' यादीत गेला. ईदही तिथेच. गणपतीचे पाच दिवस मात्र 'स्थानिक परंपरा' म्हणून आधीसारखेच राहिले, अट एवढीच की प्रत्येक विभागात कोणीतरी थांबलं पाहिजे. मी हात वर केला.

"जे दरवर्षी थांबतात त्यांचं काय?"

मॅडम म्हणाल्या, "खूप छान प्रश्न आहे. आपण वेगळं बसून बोलू या."

ते वेगळं बसणं काही झालं नाही. चाचा त्याच वर्षी निवृत्त झाले. जाताना म्हणाले, "आता जेवायला हाक मारणारा कोणी नाही तुला. गणपतीत घरी जात जा."

दोन वर्षांनी आमचे जुने साहेबही निवृत्त झाले. लॅबप्रमुखाची जागा रिकामी झाली आणि कंपनीने नोटीस लावली की ही जागा आतल्याच माणसातून भरणार. ग्रेड कोणतीही असो, पदवी आणि अनुभव असला की अर्ज करता येईल. खाली मोठ्या अक्षरात, 'समान संधी'. मी ती नोटीस दोनदा वाचली. खरं सांगते, मला त्या कंपनीबद्दल त्या दिवशी प्रेम वाटलं. मी अर्ज भरायला घेतला.

चौथ्या रकान्यात विचारलं होतं: मागील पाच वर्षांत स्वतंत्रपणे मंजूर केलेल्या रिपोर्टची संख्या. विशेषतः हंगामाच्या गर्दीच्या काळातील.

माझी संख्या शून्य होती.

आमच्या लॅबमध्ये हंगामातल्या सगळ्यांत मोठ्या गर्दीत, पाच दिवस, वर्षानुवर्षं, एकटीने लॉट सोडणारं माणूस मी होते. आणि कागदावर त्या पाच दिवसांत लॉट सोडणारा माणूस होता दादा. कंपनीच्या कागदाप्रमाणे दादा गणपतीतही घरी गेले नव्हते. गणपतीची रजा कुठे लिहिलीच जायची नाही, सगळं तोंडी; मशीन आणि अ‍ॅप आल्यावरही जुने साहेब होते तोवर त्या पाच दिवसांची हजेरी तेच मागाहून भरून टाकायचे. म्हणजे कागदावर ते केवढे निष्ठावंत दिसत होते बघा.

दादांनीही अर्ज केला होता. गेटाबाहेरच्या टपरीवर मी त्यांना गाठलं.

"दादा, मला तुमच्याकडून एक वाक्य पाहिजे. गणपतीतलं काम हिनं केलं, एवढंच. लिहून द्या नाहीतर कमिटीसमोर तोंडी सांगा."

त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "अगो, तसं सांगितलं तर कोऱ्या फॉर्मवर सह्या केल्या असं होतं. नोकरीच जाईल माझी."

"मला वर जाऊ द्या असं मी म्हणत नाही. कागदावर जे आहे ते खरं असू दे एवढंच."

"पोरगी बारावीला हाय माझी. वहिनीचं गुडघ्याचं चाललंय. तुला सगळं ठाऊक हाय."

"ठाऊक आहे म्हणून तर विचारते आहे. नसतं तर सरळ मॅडमना सांगितलं असतं."

त्यांनी टपरीवाल्याकडे पाठ केली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मी हेड झालो की तुला वरची ग्रेड देतो. शब्द हाय माझा. तुझं कधी वाईट केलंय मी?"

हेच तर अवघड होतं. वाईट केलं नव्हतं. माझे वडील आजारी होते तेव्हा सिव्हिलमध्ये रक्ताच्या बाटलीसाठी हाच माणूस धावला होता. माझ्या नावावरचं त्यांनी काही चोरलं असं म्हणावं तर त्यांनी काही उचललंही नव्हतं. मीच दरवर्षी उचलून त्यांच्या ओंजळीत ठेवत आले होते, आणि ते नको म्हणाले नव्हते.

"चहाचे मी देतो," ते म्हणाले.

"माझे मी देते," मी म्हटलं.

मुलाखतीला तिघं होते. प्लांटचे साहेब, एचआरच्या मॅडम आणि बाहेरून बोलावलेले एक वयस्क तज्ज्ञ, ज्यांची सगळी हयात मासळीच्या लॅबांत गेली होती. त्यांनी मला कामाचं विचारलं. प्लेट वाचताना काय चुका होतात, नमुना किती वेळात लावायचा, इन्क्युबेटर बंद पडला तर काय करायचं. मी सांगितलं. ते मान डोलवत होते. मग मॅडमनी लॅपटॉपमधून डोकं वर काढलं.

"तुमच्या फॉर्ममध्ये स्वतंत्र मंजुरी शून्य आहे. प्रेशरमध्ये, म्हणजे पीक सीझनमध्ये, तुम्ही स्वतः काय हँडल केलंय?"

मी ठरवून गेले होते की दादांचं नाव घ्यायचं नाही. घेतलंही नाही. मी म्हटलं, "गणपतीच्या दिवसांतल्या जुन्या रिपोर्टची फाइल मागवा. कोणत्याही वर्षाची."

शिपायाने फाइल आणली. तज्ज्ञांनी मधलाच एक फॉर्म काढला. मी माझ्या अर्जाचा कागद त्याच्याशेजारी ठेवला.

"अक्षर बघा," मी म्हटलं.

मला फार सांगावं लागलं नाही. त्यांनी एक फॉर्म बघितला, दुसरा बघितला, चार-पाच भराभर उलटले. सगळीकडे आकडे माझ्या अक्षरात, तारखा माझ्या अक्षरात, आणि तळाशी सही दुसऱ्याच्या हातची, वेगळ्या शाईची. त्यांनी चष्मा काढला आणि फाइल बंद केली. इतक्या हळू बंद केली की मला कळलं, त्यांना सगळं कळलंय.

प्लांटचे साहेब पुढे झुकले. "तुम्ही काय बोलताय ते तुम्हाला कळतंय का? हे माल घेणाऱ्यांच्या कानावर गेलं तर इतक्या वर्षांचा माल संशयात येईल."

"मालात खोट नव्हती, साहेब. एकेक आकडा मी स्वतः मोजलाय."

"तेच तर. तुम्ही मोजलाय." त्यांनी फाइलवर बोट ठेवलं. "ज्याची सही आहे त्याने नाही."

मी मॅडमकडे बघितलं. समानतेचं त्यांनीच तर सांगितलं होतं. त्यांचा टाइप करणारा हात थांबला होता. अगदी मायेने म्हणाल्या, "हे मी नोंदीत घेत नाहीये. तुमच्याच हितासाठी. कारण यात तुमच्यावरही कारवाई होऊ शकते, माहितीये ना?"

माहीत होतं. मी म्हटलं, "घ्या नोंदीत. माझ्यावर होऊ दे."

"नको," त्या म्हणाल्या. "आपण पॉझिटिव्ह राहू या."

मला तोपर्यंत वाटायचं की माझं काम कोणाला दिसत नाही म्हणून माझं अडतंय. त्या खोलीत ते तिघांना दिसलं. दिसल्यावर त्यांनी ते झाकलं. नाकारायचं तर कोणीतरी म्हणायला हवं होतं की तू केलंच नाहीस. कोणी तसं म्हणालं नाही. केलं आहेस, पण केलं नाहीस असंच असलेलं सगळ्यांच्या सोयीचं आहे, एवढंच.

पंधरा दिवसांनी दादांच्या बढतीचा मेल सगळ्यांना आला. कॅन्टीनमध्ये टाळ्या झाल्या, पेढे झाले. मलाही पत्र मिळालं. पदनाम 'वरिष्ठ सहाय्यक' आणि खाली 'आपल्या योगदानाची आम्हाला कदर आहे'. कशातलं योगदान ते लिहिलेलं नव्हतं.

त्या वर्षीपासून रिपोर्ट कागदावर नव्हते. आकडे संगणकात भरायचे आणि मंजुरीचं बटण दाबायचं. ते बटण फक्त प्रमुखाच्या लॉगिनला. माझ्या लॉगिनला ते दिसायचंच नाही. गणपतीच्या आठवडाभर आधी दादा माझ्या टेबलाशी आले, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "पासवर्ड तुला लक्षात राहील. मोरया, आणि पुढं पोरीचं जन्मसाल."

मी प्लेटी लावत होते. हातातली पूर्ण केली. मग म्हटलं, "नको सांगू दादा." मी त्यांना कधी एकेरीत बोलले नव्हते. नावाने हाक मारायचा नियम आला तरी नव्हते. "मला माझ्या लॉगिनवर बटण मिळवून दे. मी पाच काय, दहा दिवस थांबते."

"ते माझ्या हातात हाय का?"

"आता आहे. तू प्रमुख आहेस. मॅडमना मेल कर."

"आणि काय लिहू? का पायजे म्हणून?"

मी पुढची प्लेट हातात घेतली. त्यांनी मेल केला नाही. करणार नाहीत हे मला ठाऊक होतं आणि तरी मी तीन दिवस वाट बघितली. चौथ्या दिवशी अ‍ॅपवर पाच दिवसांची रजा टाकली. आयुष्यात पहिल्यांदा गणपतीची. आमच्या विभागात कोणीच अजून टाकली नव्हती, कारण मी आहेच असं सगळ्यांनी धरलेलं. अ‍ॅपला माणसं कळत नाहीत, ज्याने आधी मागितलं त्याला देतं. दोन मिनिटांत मंजूर.

दादा धावत आले. "अगो, काय केलंस हे? माझ्या घरचा गणपती हाय!"

"माझ्या घरी माझा भाऊ येतो."

"गणपतीची नि भावाची बरोबरी करतेस?"

"बरोबरी कंपनीनं केली. मी नाही."

ते लाल झाले. मग एकदम विझल्यासारखे खुर्चीत बसले. "तू अशी नव्हतीस गो," ते म्हणाले. हे वाक्य मला अजून टोचतं, कारण ते खरं आहे. मी अशी नव्हते.

चतुर्थीला मी आमच्या अंगणात होते. भाऊ ओट्यावर बसून मुंबईच्या लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांचे किस्से सांगत होता आणि आई त्याच्याकडे बघून मला म्हणत होती, "बग, किती वाळलाय." पलीकडच्या वाडीतून झांजा ऐकू येत होत्या. मी काही करत नव्हते, आणि ते करायला मला जमत नव्हतं. दर थोड्या वेळाने डोक्यात यायचं, आता परवाच्या प्लेटी वाचायच्या झाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादांचा फोन आला. आमच्या वाडीत रेंज फक्त विहिरीजवळ. मी तिथे जाऊन उभी राहिले.

"गो, एका लॉटच्या प्लेटीवर सगळी साय पसरलेय. ठिपके वेगळे दिसतच नायत. काउंट कसा धरायचा?"

"किती पसरलीय?"

"अर्ध्याहून जास्त."

"मग ती प्लेट बाद. नमुना परत लावावा लागेल."

"म्हणजे परत अठ्ठेचाळीस तास?"

"हो."

आदल्या दिवशी त्यांच्या घरी सातच्या पूजेला ते नव्हते, पुतण्याने गणपती आणला होता, हे मला नंतर कळलं. निदान गौरीला तरी पोचू असं त्यांनी धरलं होतं.

"अंदाजे टाकू का?" ते हळूच म्हणाले. "इतकी वर्षं तूच वाचतेस, तुला अंदाज असंल. आकडा सांग, मी टाकतो."

मी विहिरीच्या कठड्याला धरून उभी होते. मला अंदाज होता. मासळी कुठल्या होडीची, बर्फ किती, हवा कशी, यावरून मी डोळे मिटून जवळपासचा आकडा सांगू शकले असते.

"अकरा वर्षं तुझ्या सहीवर मी एक आकडा अंदाजाने टाकला नाही, दादा. तू आज टाकणार असशील तर टाक. मला विचारून नको."

त्यांनी फोन ठेवला. नमुना त्यांनी परत लावला, हेही मला सांगितलं पाहिजे. ते थांबले. गौरीही त्यांच्याशिवाय गेल्या. तो लॉट सुटला तेव्हा संगणकावर आकडा खरा होता, मोजलेला होता, आणि गणपतीत पहिल्यांदाच मोजणारा नि मंजूर करणारा एकच माणूस होता.

मी परत कामावर आले तेव्हा लॅबमध्ये कोणी माझ्याशी बोललं नाही. दोन कंत्राटी मुली नव्याने लागल्या होत्या, त्या एकमेकींत कुजबुजत होत्या. कॅन्टीनमध्ये मी ताट घेऊन बसले तर शेजारच्या बाकावरून पॅकिंगची सुपरवायझर मोठ्याने म्हणाली, "एका बाईनं एका माणसाला त्याच्या गणपतीचं तोंड बघू दिलं नाय यंदा. जागा मिळाली नाय ना, त्याची जळजळ."

मी जेवत राहिले. सांगण्यासारखं पुष्कळ होतं. अकरा वर्षं कोण कोणाचं तोंड बघू शकलं नाही, हे सांगता आलं असतं. पण तिचा प्रश्नच तो नव्हता. तिच्या हिशेबी दादांचं काहीतरी गेलं होतं आणि माझं जाण्यासारखं कधी काही नव्हतंच.

दादा आता माझ्याशी कामापुरतं बोलतात. मला पुन्हा 'दादा, तुम्ही' म्हणायला जमत नाही आणि 'तू' म्हणताना जीभ अडखळते, म्हणून मी नुसतंच बोलते, हाक न मारता. मंजुरीच्या बटणासाठी मी स्वतःच मॅडमना अर्ज केला. अ‍ॅपवर त्याच्यापुढे 'विचाराधीन' असं पिवळ्या अक्षरात येतं. दर सोमवारी कामाला बसायच्या आधी मी ते उघडून बघते, आणि मग प्लेटी काढते नि ठिपके मोजायला लागते.